स्मरणचित्र : कुणाच्या स्मरणाचं?

मी चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश घ्यायची तयारी करतोय. बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून काढली. सूतगिरणीत रिंगखात्यावर रात्रपाळी करतो, सकाळी चार तास झोपतो, दुपारी कागद घेऊन बसतो. हे कौतुकासाठी सांगत नाही. या तयारीत एक प्रश्न पुढ्यात आला. तो माझ्या एकट्याचा नाही, म्हणून इथं मांडतोय.

बी.एफ.ए.च्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र असतं, संकल्पचित्र असतं, सामान्य ज्ञान असतं. आणि एक असतं स्मरणचित्र. वस्तुचित्रात समोर घागर ठेवतात. ती सगळ्यांना सारखीच दिसते, ती कुठल्या पाणवठ्यावर भरली ते कुणी विचारत नाही. स्मरणचित्रात समोर काहीच नसतं. विषय देतात, बाजार, जत्रा, बसस्टॉप, आणि म्हणतात, आठवणीतून काढा. म्हणजे तुला काय आठवतं ते सांग. इथं गोची होते.

क्लासमध्ये विषय दिला, 'बसस्टॉपवरील दृश्य'. पाच वर्षं रोज सकाळी ज्या स्टॉपवर उभा राहतो तोच मी काढला. पाळी सुटलेल्या चार बाया. एक हसतेय. चौघींच्या डोक्यावर पांढरं.

सरांनी बघितलं. म्हणाले, "ह्या सगळ्या म्हाताऱ्या का रे?"

म्हटलं, "म्हाताऱ्या नाहीत सर. कापूस आहे तो. केसांवर बसतो."

सर माणूस वाईट नाही. माझ्या फीसाठी दोनदा थांबलेत. ते म्हणाले, "तपासणाऱ्याला ते कसं कळणार? केस काळे कर. दोन शाळकरी पोरं घाल, एक फुगेवाला घाल. मार्क पडतील."

घरी येऊन मी केस काळे केले. चित्र खरंच देखणं दिसायला लागलं. आणि त्या रात्री साच्यावर तुटलेली तार जोडताना सारखं वाटत राहिलं, की आपण त्या चौघींची हजेरी खोडली.

ते पहिलं चित्र वस्तीतल्या एका कार्यकर्त्या मित्राला दाखवलं होतं. तो म्हणाला, "ही बाई हसते कशाला? यात शोषण कुठंय? आणि तू तिथं जातोसच कशाला? मोर्च्याचे बोर्ड कोण रंगवणार? त्यांच्या शाळेत जाऊन त्यांचाच होशील."

आता प्रश्न असा. खोटं काढून आत जायचं, की खरं काढून बाहेर राहायचं? की जायचंच नाही?

आधी मित्राचं घेतो. 'त्यांची शाळा' म्हणजे कुणाची? मुंबईचं जे.जे. 1857 साली सुरू झालं. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्सनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या पुष्कळ 1885 च्या लंडनमधल्या आगीत जळाल्या. म्हणजे त्या शाळेच्या पोरांनी हात बसवला तो बुद्धविहारांच्या भिंती गिरवून. मग मी तिथं उपरा कसा? नागपूरचे सवी सावरकर बडोद्यात कला शिकले आणि त्यांनी अस्पृश्याच्या गळ्यातलं मडकं आणि झाडू चित्रात आणला. शाळेनं त्यांना गिळलं नाही.

आता सरांचं. एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट आपण भाषणात हजारदा सांगतो. पण त्यानं द्रोणाची मूर्ती मातीची घडवली होती, म्हणजे तो मूर्तिकारही होता. ते कुणी सांगत नाही. हात तयार होता गड्याचा. पण त्या हातानं त्यानं घडवलं कुणाला? ज्यानं हाकललं त्याला. मग त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. अंगठा पुढं गेला, पण मला वाटतं हात त्याच दिवशी गेला होता. केस काळे करताना मीही न पाहिलेल्या तपासणाऱ्याची मूर्तीच घडवत होतो.

पण मग मित्रही काय वेगळं सांगतो? एक म्हणतो केस काळे कर, दुसरा म्हणतो हसू पूस. दोघंही मला माझी आठवण दुरुस्त करायला सांगतात. ती बाई हसली होती. रात्रभर उभी राहून हसली होती. ते हसू आपल्या घोषणेत बसत नाही म्हणून पुसायचं, तर आपण तिच्याकडं बघितलंच नाही. बाबासाहेबांनी बुद्धाचं चित्र काढलं ते उघड्या डोळ्यांचं.

इथपर्यंत मी माझ्याच बाजूनं होतो. पण सरांचा एक शब्द खुपत राहिला. कळणार कसं?

त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कापूस कापसासारखा दिसला नाही ही चूक तपासणाऱ्याची नव्हे, माझ्या हाताची. आपल्यात हे फार होतं. आपण खरं बोलतो, म्हणून नीट बोलायची गरज नाही असं धरून चालतो. कवितेत मीही तेच केलंय. समोरच्याला कळलं नाही की त्याच्या जातीवर बोट ठेवून मोकळे. कधी ते बोट बरोबर असतं. कधी आपली आळशी पेन्सिल झाकायला असतं. खरं असणं ही सुरुवात झाली. ते समोरच्याला दिसेल असं उभं करणं ही जबाबदारीही आपलीच. केस आणि कापूस यांतला फरक पेन्सिलीनं दाखवता यावा, एवढ्यासाठी मला शाळा पाहिजे.

तिसऱ्यांदा काढलं. एक बाई पदर झटकतेय, तंतू हवेत उडतायत. दुसरीनं अर्धे केस पुसलेत, तेवढेच काळे दिसतायत. हसणारी हसतेच आहे. फुगेवाला नाही.

सर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "गिरणीतल्या आहेत होय?"

परीक्षेत बसस्टॉप येईलच असं नाही, आणि याला मार्क पडतील असंही नाही. पण जो विषय येईल त्यात माझी माणसं असतील, आणि ती ओळखू येतील इतका हात तोवर तयार करायचाय. फॉर्म भरलाय. रविवारचे मोर्च्याचे बोर्डही मीच रंगवणार आहे, त्या मित्राला सांगा.

जयभीम.