पकडून सोडण्याचे पुण्य

एखाद्या जिवाला केवळ आपल्या आनंदासाठी क्लेश द्यावेत आणि नंतर त्याला जीवदान द्यावे, तर त्या जीवदानाला दया म्हणता येईल काय? हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याचा विचार करू लागलो की तो आपणांस दूरच्या एका नदीकाठी घेऊन जातो.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात उगम पावून यलोस्टोन नदी मोंटाना राज्यातून वाहते. लांबी सुमारे ११०० किलोमीटर. आणि एवढ्या लांबीत पाणी साठविणारे मोठे धरण तिच्या मुख्य प्रवाहावर एकही नाही. राष्ट्रीय उद्यानातून बाहेर पडल्यावर ती पॅराडाइज व्हॅली नावाच्या खोऱ्यात शिरते. ऑक्टोबरात तेथे काठावरची कॉटनवुडची झाडे पिवळी होतात, पूर्वेच्या अॅब्सारोका पर्वतावर नवे हिम दिसू लागते आणि उन्हाळ्यातील गर्दी ओसरते. ढगाळ दुपारी पाण्यातून करड्या पंखांच्या बारीक माश्या वर येतात. त्या टिपण्यासाठी ट्राउट मासे पृष्ठभागाशी येतात आणि ट्राउटसाठी माणसे कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहतात.

कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, त्याचाच हा एक अतिशय नाजूक प्रकार. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. येथे आमिष जिवंत नसते. पीस, केस आणि धागा गळाभोवती गुंडाळून माशीची नक्कल केलेली असते. या माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून जड दोरी काठीच्या लयबद्ध झोक्याने पुढे फेकून ती खोटी माशी खऱ्या माशीसारखी अलगद पाण्यावर उतरवावी लागते. हे कसब अंगी बाणायला वर्षे लागतात. आणि एवढ्या परिश्रमाने धरलेला मासा ही माणसे बहुधा घरी नेत नाहीत; गळ काढून त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. यलोस्टोन उद्यानात तर मूळच्या कटथ्रोट ट्राउटला सोडून देणे २००१ पासून बंधनकारकच आहे, आणि उलटा काटा नसलेलाच गळ तेथे चालतो.

या छंदाची परंपरा जुनी आहे. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर छापलेला पहिला ग्रंथ १४९६ सालचा. तो डेम जुलियाना बर्नर्स नावाच्या एका मठप्रमुख भगिनीने लिहिला, अशी परंपरागत समजूत आहे. इतिहासकार मात्र त्याविषयी साशंक आहेत. लेखन कोणाचेही असो, त्यातील उपदेश मननीय आहे. पैशाच्या लोभाने मासे धरू नयेत, मनाच्या विसाव्यासाठी धरावेत. आणि एका वेळी फार धरू नयेत. विसावा आणि संयम यांची अशी सांगड पाच शतकांपूर्वी घातली गेली. प्रश्न एवढाच उरतो, की आपला विसावा दुसऱ्या जिवाला केवढ्यास पडतो?

एडिनबर्गजवळील रोस्लिन संस्थेतील संशोधकांनी २००३ साली या प्रश्नाच्या एका अंगावर प्रकाश टाकला. रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजेची जाणीव मेंदूकडे नेणारे मज्जातंतू त्यांना आढळले. ओठांत मधमाशीचे विष किंवा अॅसेटिक आम्ल टोचलेल्या माशांनी बराच वेळ अन्न घेतले नाही. आम्ल टोचलेले मासे तर ओठ तळाच्या खडीवर घासू लागले. माशाला होणारी ही जाणीव आपल्या वेदनेसारखी आहे की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. परंतु जेथे शंका आहे तेथे शंकेचा फायदा कोणाला द्यावा, गळ हाती असलेल्याला की ओठात असलेल्याला? आम्हांला वाटते, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या निकालासाठी थांबत नाही.

सोडलेला प्रत्येक मासा जगतो असेही नाही. कॅनडातील दोन संशोधकांनी १९९२ साली दमेपर्यंत पळविलेल्या रेनबो ट्राउटवर प्रयोग केला. जे मासे पाण्यातच राहिले, त्यांपैकी ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. अर्धा मिनिट हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के जगले; पूर्ण मिनिटभर हवेत ठेवलेल्यांपैकी केवळ २८ टक्के. प्रयोगशाळेतील आकडे नदीतील प्रत्येक माशाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही मासा हाती धरून छायाचित्र काढायला किती वेळ लागतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या पेचाची दोन उत्तरे दोन देशांनी दिली आहेत. यलोस्टोनमधील ब्राऊन ट्राउट हा मूळचा युरोपातला. त्याची अंडी अमेरिकेत प्रथम १८८३ साली जर्मनीहून आली. आज त्याच जर्मनीत सबळ कारणावाचून प्राण्याला वेदना देणे कायद्याने गुन्हा आहे, आणि खाण्यासाठी मासा धरणे हे सबळ कारण मानतात. केवळ सोडण्यासाठी धरणे हे सहसा मानत नाहीत. स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाला लावण्यास २००९ पासून बंदी घातली. अमेरिकन माणसाला मासा मारणारा निष्ठुर वाटतो. स्विस कायद्याला मासा सोडणारा. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे. परंतु त्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही, असेही म्हटले आहे. पोटासाठी जाळे टाकणारे आपले कोळी बांधव या तराजूत कोठेही उणे ठरत नाहीत. तोलून पाहायचा आहे तो छंद.

छंदिष्टांची बाजूही ऐकली पाहिजे. नदीवर प्रेम करणारी माणसे नसती, तर नदीची राखण कोणी केली असती? मोंटानाच्या मॅडिसन नदीवरील अभ्यासात असे दिसून आले, की कृत्रिम पैदाशीचे मासे आणून सोडल्याने नदीतील मूळ वाढीचे ट्राउट कमी होतात. तेव्हा, जेथे मासे आपोआप वाढतात अशा नद्यांत बाहेरचे मासे सोडणे त्या राज्याने १९७४ साली थांबविले. मदतीचा हात मागे घेताच नदी सावरली. प्रेमाचा एक अर्थ हात आवरणे हाही असतो, हे तेथे माणसांना नदीनेच शिकविले.

शरद ऋतूत हा धडा अधिक कठीण होतो. ब्राऊन ट्राउट याच दिवसांत अंडी घालतो. मादी उथळ पाण्यात शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडी सारून खळगा करते; तेवढी जागा धुतल्यासारखी उजळ दिसते. नराचे रंग याच काळात सर्वांत खुलतात. जागेच्या राखणीसाठी तो चवताळलेला असतो आणि समोर आलेल्या गळावरही तुटून पडतो. म्हणजे मासा सर्वांत देखणा, सर्वांत सोपा आणि सर्वांत असहाय असतो तो याच दिवसांत. जाणती माणसे त्या उजळ खडीवर पाय ठेवत नाहीत आणि तेथील माशाकडे गळ फेकत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लावून कोळीवाडे नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, त्यामागेही असेच शहाणपण आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये एका परजीवीच्या रोगाने यलोस्टोनमध्ये हजारो व्हाइटफिश मेले. तेव्हा राज्याने नदीचा १८३ मैलांचा पट्टा मासेमारी, नौकाविहार, पोहणे अशा सर्व गोष्टींसाठी बंद केला. ऐन हंगामात वाटाड्यांचा रोजगार बुडाला. नदी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने खुली झाली. पण त्या दिवसांत नदीवरचे प्रेम दाखविण्याचा एकच मार्ग होता: तिच्यात न उतरणे.

म्हणून आम्हांला असे वाटते, की पकडून सोडण्यात संयम आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण ते पुण्यही मानू नये. आपणच लावलेला गळ आपणच काढणे ही परतफेड झाली, तीही अपुरी. आपल्या घरांतूनही हे घडते. मुलाला चारचौघांत टोचून बोलायचे आणि रात्री मायेने जवळ घ्यायचे. घरकाम करणाऱ्या बाईला वर्षभर राबवायचे आणि नाताळला साडी देऊन धन्य व्हायचे. जवळ घेणे खरे असते, साडीही खरी असते. पण ओठाची जखम त्याने भरत नाही. दयेची मोजणी आपल्या हळव्या मनाने करायची नसते. ज्याला सोसावे लागले त्याच्या बाजूने करायची असते.

ऑक्टोबरातील त्या गार पाण्यात उजळ खडी दिसताच जो माणूस दोरी गुंडाळून मुकाट्याने काठावर येतो, त्याच्या हाती मासा नसतो, छायाचित्र नसते आणि सांगण्यासारखी गोष्टही नसते. त्याच्या संयमाची खबर त्या माशालाही नसते. तरी वसंतात त्या खडीतून पिले बाहेर पडतात, ती त्याने मागे घेतलेल्या पावलामुळेही.