भरतीची वेळ

गेथशेमानेच्या बागेत येशूने ज्या तिघांना सोबत आत नेलं, ते तिघेही कोळी होते. पेत्र, याकोब आणि योहान. आपण हे वाचतो आणि पुढे जातो. पण रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने इथे थोडं थांबावं. गालीलच्या सरोवरावर रात्र रात्र जाळी टाकणारी ही माणसं. लूकने पाचव्या अध्यायात सांगितलेली रात्र आठवा. पहाटेपर्यंत राबूनही हाती काही लागलं नव्हतं, तरी सकाळी ते काठावर जाळी धूत होते. जागरण त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आणि त्याच माणसांना गुरूने तासभर जागं राहायला सांगितलं, तर ती झोपली. येशू तीनदा परत आला आणि तिन्ही वेळा ती झोपलेलीच सापडली.

म्हणजे त्यांच्या अंगात शिस्त नव्हती असं नव्हे. ती होडीवर होती. प्रार्थनेत अजून उतरली नव्हती.

राखेचा बुधवार जवळ आला की “माझ्याच्याने नेम पाळवत नाही, माझा स्वभावच तसला नाही,” असं म्हणणारी माणसं भेटतात. ती हे प्रामाणिकपणे म्हणतात, तरी ते मला पटत नाही. बोडणी, थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, भरडखोल अशा कोणत्याही बंदरावर जाऊन पाहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे तीनला असलेलं काम उद्या चारच्या सुमाराला जातं आणि काही दिवसांनी भर दुपारवर येतं. घड्याळ बाजूला ठेवून तिथीवर झोप बांधावी लागते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं, अष्टमीच्या आसपासचा भांग वेगळा. हे पाळणाऱ्या घरात शिस्तीची उणीव कशी असेल? जे कोळी नाहीत, त्यांचंही तेच. मांडव्याची बोट किंवा पहाटेची एसटी चुकू नये म्हणून अंधारात डबा भरणारी बाई काही कमी नेमाची नसते. ज्या गोष्टीची गरज आपल्याला खरोखर पटली आहे, तिच्यासाठी आपण उठतो. मग स्वतःला विचारायचा प्रश्न थोडा अवघड होतो. प्रार्थनेची गरज मला पटली आहे का?

आपल्याकडची डोलीची मासेमारी मी या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. डोल म्हणजे रुंद तोंडाचं, शेपटाकडे निमुळतं होत जाणारं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवतात. ते मासळीच्या मागे धावत नाही. पाण्याला ओढ लागली की बोंबील, मांदेली, जवळा, करंदी प्रवाहाबरोबर आत येतात. कोळ्याला भरती आणता येत नाही, मासळीही आणता येत नाही. खुंट घट्ट आहे ना, जाळं फाटलेलं नाही ना आणि पाणी वळायच्या आत ते लागलं आहे ना, एवढंच त्याच्या हातात असतं. तेवढ्यासाठी त्याला रात्रीचं निघावं लागतं आणि पाणी फिरल्यावर मासळी काढायला पुन्हा जावं लागतं. ख्रिस्ती माणसाच्या आत्मसंयमाचं स्वरूप मला नेमकं असंच वाटतं. कृपा माझ्या कष्टाने निर्माण होत नाही. ती येते त्या वेळी मी जागेवर असलो पाहिजे.

पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात हेच वेगळ्या बाजूने सांगितलं आहे. अधर्माला नाही म्हणायला आणि मर्यादेने जगायला आपल्याला शिकवते ती देवाची कृपाच, असा त्याचा आशय आहे. गलतीकरांना लिहिताना त्याने आत्म्याच्या फळाचे नऊ गुण मोजले आणि त्यांत संयमाला शेवटची जागा दिली. प्रीती पहिली, संयम शेवटचा. मला हा क्रम फार दिलासा देतो. प्रीतीविना आलेला संयम माणसाला कोरडा करतो. उपास करणारा माणूस घरात चिडचिड करू लागला, तर त्याने आधी जेवून घ्यावं, असं मी मनापासून म्हणतो.

पेत्राकडे पुन्हा पाहू, कारण त्याची गोष्ट बागेत संपत नाही. त्याच रात्री, काही वेळापूर्वी, त्याने छाती ठोकून सांगितलं होतं की प्रसंगी तुझ्याबरोबर मरेन, पण तुला नाकारणार नाही. एवढी मोठी शपथ घेणाऱ्याला एक तास जमला नाही, आणि कोंबडा आरवायच्या आत शपथही गेली. आपल्या बहुतेक संकल्पांचं हेच होतं. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी आपण चाळीस दिवसांचं सगळं एकदम ठरवतो: मांसाहार नाही, दारू नाही, मोबाईल नाही, रोज मिस्सा, रोज पूर्ण रोझरी. पहिला रविवार उजाडेपर्यंत त्यातलं निम्मं सुटलेलं असतं. मग जे सुटलं त्याच्या लाजेने उरलेलंही आपण सोडून देतो.

प्रेषितांच्या कृत्यांत मात्र हाच पेत्र वेगळा भेटतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो आणि योहान दुपारी तीनच्या प्रार्थनेला मंदिरात चालले आहेत. वेळ ठरलेली आहे, सोबतीला तोच जुना जोडीदार आहे, आणि वाटेत दारापाशी एक जन्मापासून पांगळा माणूस बसलेला आहे. दहाव्या अध्यायात तो योप्पा बंदरात, समुद्रालगतच्या एका घरात उतरला आहे. दुपारचे बारा वाजले आहेत, तो प्रार्थनेसाठी गच्चीवर गेला आहे, त्याला भूक लागली आहे आणि खाली जेवणाची तयारी चालली आहे. तिथेच त्याला शुद्ध-अशुद्ध प्राण्यांनी भरलेल्या चादरीचं दर्शन घडतं. त्यातून तो कर्नेल्याच्या, म्हणजे एका यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या, घराचा उंबरा ओलांडतो. तुमच्या-माझ्यापर्यंत सुवार्ता पोहोचली ती या दारातून. भर दुपारी गच्चीचा जिना चढण्याचा तो साधा नेम पेत्राने स्वतःच्या पुण्यासाठी पाळला असेल, पण त्याचं फळ परक्यांच्या पदरात पडलं. आत्मसंयमाची चर्चा करताना हे आपण विसरतो. सगळं लक्ष माझी प्रगती, माझी सवय, माझा विजय याच्यावरच राहतं.

मधल्या काळात पेत्राचं काय झालं? तो रडला, त्याला किनाऱ्यावर क्षमा मिळाली, पवित्र आत्मा आला. आणि तो एकटा राहिला नाही. हा शेवटचा मुद्दा मला इथे, या किनाऱ्यावर, विशेष महत्त्वाचा वाटतो.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर कोर्लई आहे. 1594 साली पोर्तुगीजांनी निजामशाही फौजेकडून तिथला डोंगर घेतला. 1739 मध्ये वसई पडली आणि पुढच्या वर्षीच्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज सत्ता निघून गेली, पण गावातले ख्रिस्ती तिथेच राहिले. त्यांच्या श्रद्धेमागे आता कोणताही दरबार नव्हता, तोफ नव्हती. पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीतून घडलेली त्यांची घरची बोली आजही हजाराच्या आत-बाहेर माणसं बोलतात. भाषेचे अभ्यासक त्या बोलीसाठी परदेशातून इथे आले, हे योग्यच झालं. मला त्या बोलीबरोबर त्यांच्या श्रद्धेचंही आश्चर्य वाटतं. शाळेत न शिकवलेली, कचेरीत न चालणारी भाषा एवढी वर्षं टिकते, ती रोज कुणीतरी घरात मुलाशी बोलतं म्हणून. श्रद्धाही तशीच टिकली असणार: संध्याकाळी कुणीतरी सगळ्यांना हाक मारली, कुणीतरी पहिली ओळ म्हटली, ज्याला कंटाळा आला होता तोही ओढला गेला. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये सणाला जमणाऱ्या माणसांच्या मागे असे किती पिढ्यांचे नेम उभे आहेत! एकट्याने मनाशी केलेल्या निश्चयावर इतका मोठा पल्ला गाठता येत नाही. म्हणून ज्याचा प्रार्थनेचा नेम मोडतो, त्याला मी अधिक जोर लाव असं सांगत नाही. कुणाला तरी सोबत घे, एवढंच सांगतो.

आता शुक्रवारच्या मासळीविषयी. चर्चच्या 1983 च्या कायद्यानुसार चौदा वर्षं पूर्ण केलेल्याने शुक्रवारी मांस टाळायचं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी प्रौढांनी उपासही करायचा. मासे चालतात. हा नियम ज्या देशांत रुजला, तिथे मांस हे सणाचं, सुबत्तेचं जेवण होतं. ते सोडण्यात त्याग होता आणि गरिबाच्या ताटाशी नातं जोडणं होतं. आपल्याकडे सणाचं ताट पापलेट-सुरमईनेच सजतं. शुक्रवारी मटण टाळून सुरमईची तुकडी तळली, तर नियम अक्षरशः पाळला जातो. पण त्यात आपण काय सोडलं? नियम मोडा असं मी म्हणत नाही. नियम पाळून झाल्यावर जिथे खरंच काही सोडावं लागतं, ती जागा प्रत्येकाने आपली आपण शोधायची असते. कुणासाठी ती संध्याकाळचा पेला असेल, कुणासाठी झोपेपर्यंत चालणारा मोबाईल, कुणासाठी सुनेला किंवा सासूला ऐकवायचं ते एक वाक्य.

याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, 1895 साली विनोबांचा जन्म झाला. ते ख्रिस्ती नव्हते. पण नवा करार त्यांनी इतका मन लावून वाचला की त्यातले वेचे निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे पुस्तक सिद्ध केलं. गांधीजींच्या ज्या आश्रमात ते राहिले तिथल्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत होतं. जिभेच्या लाडासाठी न खाता शरीराच्या गरजेपुरतं खायचं, असा त्याचा अर्थ. आपल्या शुक्रवारच्या ताटाला हे व्रत सरळ प्रश्न विचारतं, आणि शेजारच्या अंगणातून आलेला हा प्रश्न आपण आदराने ऐकावा असं मला वाटतं.

एकाच दोषाशी धीराने कसं झगडावं, हे संत इग्नेशियसने ‘आध्यात्मिक साधने’त अगदी साध्या रीतीने सांगितलं आहे. रेवदंड्याच्या कोटात ज्यांच्या मठाचे अवशेष आहेत, त्या येशूसंघाचा हा संस्थापक. तो म्हणतो, एक दोष निवडा, फक्त एक. सकाळी उठताच त्याची आठवण करा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मागे वळून पाहा आणि जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके कागदावर ओढलेल्या रेषेवर मांडा. आठवड्याच्या सात दिवसांच्या रेषा उत्तरोत्तर आखूड होत जातात. ठिपके कमी होतील ही आशाच त्या कागदावर आखलेली आहे. दिवसभरात चूक झाली की लगेच छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येणार नाही असा. इथे कुणाला दाखवायचं काही नाही. उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं सांगणाऱ्या येशूच्या मनाशी हे किती जुळतं!

शुक्रवारविषयी एक गोष्ट उरते. चर्चच्या कायद्यात प्रायश्चित्ताचे शुक्रवार वर्षभराचे आहेत, म्हणजे पावसाळ्यातलेही. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, कारण तो अनेक जातींच्या मासळीच्या विणीचा काळ. सगळ्या किनाऱ्याने मिळून हात आवरण्याचे हे दिवस, आणि बोटीवरच्या खलाशाच्या घरात मिळकत थांबण्याचेही. नेमकी त्याच सुमारास शाळा सुरू होते. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने आपल्याला आवडणारा उपास सांगितला आहे, आणि त्यात भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं येतं. बंदीच्या दिवसांत ताजी मासळी महाग असते. शुक्रवारी तिचे जे पैसे वाचतील ते बाजूला ठेवावेत. दोन महिन्यांच्या शुक्रवारांतून एका मुलाच्या वह्या-पुस्तकांना हातभार नक्की लागेल. आपल्या वाडीत अशी घरं कुठली, हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. जाताना मात्र रिकाम्या हाताने आणि उपदेश घेऊन जाऊ नये.