दारात उभे राहून सांगायची ओळख

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतली एक मुलगी उपासना सुटल्यावर आमच्या मागोमाग घरी आली. ती वडोदऱ्याला चित्रकला शिकते; सुट्टीपुरती बेळगावला येते. हातात दुमडलेला कागद होता. "काका, हे वाचून बघा. कुठं चुकलं असेल तर सांगा," एवढे बोलून ती आत आमच्या आईपाशी शेंगा सोलायला बसली.

कागदावर तिने स्वतःची ओळख लिहिली होती. हंपी, म्हैसूर, कोची असा प्रवास तिला करायचा होता. लॉजवर राहण्याइतके पैसे नव्हते आणि लॉजवर राहायची इच्छाही नव्हती. प्रवाशांना आपल्या घरी उतरवून घेणाऱ्या एका संस्थेत तिला नाव घालायचे होते. त्यासाठी आपण कोण, काय करतो, का निघालो, हे अनोळखी यजमानाला एका कागदात सांगावे लागते.

ही संस्था म्हणजे सर्व्हास. १९४९ साली डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवाइलर नावाच्या एका अमेरिकन शांततावादी तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी ती सुरू केली. दुसरे महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती. जो माणूस एकदा आपल्या घरी जेवला त्याच्यावर बंदूक रोखताना हात कचरेल, असा त्यामागचा साधा हिशेब. नाव एस्पेरान्तो भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ सेवेशी संबंधित. प्रवाशाची आधी कोणी जुना सभासद समोरासमोर मुलाखत घेतो, मग त्याच्या परिचयपत्रावर शिक्का पडतो. ते पत्र यजमानाला दाखवायचे. मुक्काम साधारण दोन रात्रींचा. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. मात्र नुसते अंथरुणापुरते येऊन भटकायला निघून जायचे नाही; घरच्यांत बसायचे, बोलायचे.

आम्ही कागद वाचला आणि खरे सांगायचे तर आम्हांला तो आवडला नाही. पहिल्याच ओळीत ‘मी सर्जनशील आहे’ असे होते. पुढे बक्षिसांची यादी, दोन प्रदर्शने, मग आपण मनमोकळ्या, आनंदी, कोणत्याही परिस्थितीत जुळवून घेणाऱ्या आहोत असे शेरे. नोकरीच्या अर्जाला हे शोभले असते. शेवटी एक वाक्य होते, त्यापाशी आम्ही थांबलो: राहू देण्याच्या बदल्यात मी आपल्या घरातील मंडळींची चित्रे काढून देईन.

आमच्या लाल पेन्सिलीने हे वाक्य खोडले आणि तिथूनच वाद सुरू झाला.

त्या वादाकडे येण्याआधी एक विचारावेसे वाटते. परक्याच्या दारात उभे राहिल्यावर आपण आपल्याविषयी काय सांगावे? आपल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या लहानपणी परगावी जाणाऱ्याच्या खिशात पाळकसाहेबांची चिठ्ठी असे. तीत त्या माणसाच्या गुणांचे वर्णन नसे. अमुक आमच्या मंडळीतला आहे, तमुक कामासाठी येत आहे, त्याची सोय पाहावी, संपले. माणूस स्वतःविषयी काही म्हणतच नसे, दुसरा कोणी त्याच्याविषयी बोले. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलाने फिबीची ओळख करून दिली आहे, तीही अशीच. ती आपली बहीण आहे, किंख्रियातील मंडळीची सेविका आहे, तिला हवी ती मदत करा, कारण तिने पुष्कळांना आणि मलाही मदत केली आहे. दोन वचने. फिबी हुशार होती की नाही, दिसायला कशी होती, कशात तरबेज होती, यातले काही नाही. तिने काय केले तेवढे आहे.

त्या काळी या चिठ्ठ्यांचा गैरवापरही होत असला पाहिजे. प्रेषितांनंतरच्या पहिल्या पिढ्यांतील ‘डिडाखे’ नावाची एक पुस्तिका आहे. १८७३ साली तिचे हस्तलिखित कॉन्स्टॅन्टिनोपलला सापडले आणि १८८३ मध्ये ते छापून निघाले. फिरत्या उपदेशकाला घरात घ्यावे, पण तो एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा समजावा, असे त्यात सांगितले आहे. पैसे मागू लागला तरी खोटा. सर्व्हासच्या दोन रात्री आणि या दोन दिवसांत अठराशे वर्षांचे अंतर आहे, आणि यजमानिणीची पाठ मात्र तेवढ्याच वेळात दुखू लागते, असे आमची आई म्हणाली.

‘डिडाखे’ छापून निघाले त्याच वर्षी, म्हणजे १८८३ साली, एक मराठी मुलगी एकटी परक्या घरी निघाली होती. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट वाचकांना माहीत आहे. पण तिच्यातला आपल्या लोकांशी संबंधित भाग आपण सहसा सांगत नाही, म्हणून तो येथे सांगतो. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत सोय व्हावी म्हणून मिशनरी लोकांशी पत्रव्यवहार केला. तो पोहोचला रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे गृहस्थ आपल्या शेजारचेच म्हणायचे, कारण कोल्हापूरचे मिशन त्यांनी १८५२ मध्ये सुरू केले होते. पुढे ते मायदेशी परतून एक मिशनरी मासिक चालवीत. त्यांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला आणि स्वतःचे उत्तरही छापले. उत्तराचा रोख असा, की जोशी दांपत्य ख्रिस्ती होईल तर मदतीचे पाहता येईल.

ते मासिक १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती दंतवैद्याकडे वाट पाहताना पडले. त्यांनी ना ओळख ना देख अशा त्या मुलीला पत्र लिहिले. अट घातली नाही. आनंदीबाईंनी उत्तर दिले आणि मग समुद्रापलीकडे पत्रे जाऊ-येऊ लागली. घर, सण, रीती, प्रकृती, धर्म, सगळे त्यांत येई. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जहाजावर चढण्यापूर्वी सेरामपूर येथे लोकांसमोर त्यांनी सांगितले की मी हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. हे कार्पेंटरबाईंना ठाऊक असताना त्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना न्यायला आल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्याला वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि त्या घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, पुरल्या गेल्या.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आम्ही विचारतो: या गोष्टीत मिशनरी साहेब एका बाजूला आणि दंतवैद्याकडे बसलेली बाई दुसऱ्या बाजूला ठेवली, तर इब्री लोकांस पत्रात परक्यांचे स्वागत करण्याविषयी जे सांगितले आहे ते कोणी पाळले? वाइल्डर वाईट माणूस नव्हते. आपल्या विश्वासाची त्यांना कळकळ होती. पण उंबऱ्यावर अट ठेवली की ते स्वागत राहत नाही, देवघेव होते.

आनंदीबाईंचे आणखी एक पत्र त्या मुलीला आम्ही समजावून सांगितले. अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी जे लिहिले, त्यात आपली तयारी नियमांत पुरती बसेल अशी खात्री नसल्याचे त्यांनी कबूल केले. आपल्या माणसांच्या विरोधाला न जुमानता इथवर आले आहे आणि माझ्या देशभगिनींना औषधपाणी मिळावे म्हणून आले आहे, एवढाच त्यांचा आधार. त्यांत उणीव लपवलेली नाही आणि गुण मिरवलेला नाही. ओळख लिहिणाऱ्याने ते पत्र डोळ्यांपुढे ठेवावे.

हे ऐकून तिने पहिला परिच्छेद स्वतःच फाडला. पण ते खोडलेले वाक्य तिला परत हवे होते.

"काका, मी फुकट कशी राहू? माझ्याकडे पैसे नाहीत, पण हात आहेत. दोन दिवस त्यांच्या ताटात जेवायचं आणि काहीच न देता निघायचं, हे मला जमायचं नाही."

आम्ही म्हणालो की तू बदला ठरवलास की त्यांचे औदार्य गेले. तू चित्र देतेस, ते खोली देतात. मग लॉजने काय वाईट केले? १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनकडे पायी निघाले, तेव्हा गागोद्यात जन्मलेल्या आपल्या विनोबांनी त्यांना एक पैसाही जवळ न ठेवण्याचा सल्ला दिला होता. पैसा असला की दमलेला माणूस खाणावळ शोधतो. नसला की माणूस शोधतो. रिकाम्या हातांनी जाण्याचीही एक रीत आहे. शिवाय याच वाटेने दुसरीकडे काय झाले तेही पाहावे. २००४ मध्ये सुरू झालेली काउचसर्फिंग ही अशीच, फार मोठी झालेली मंडळी. २०११ साली ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० पासून सभासदांना वर्गणी लागू झाली. घरात भाडे नाही, पण फाटकाशी तिकीट आले.

"ते दोघे पुरुष होते," ती म्हणाली. "रिकाम्या हातांनी गेलेल्या मुलीकडून लोक काय काय मागतात ते तुम्हांला ठाऊक नाही. आधीच सांगून टाकलं की मी चित्र देणार, तर दुसरं काही देणं लागत नाही, हे स्पष्ट राहतं."

याला आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. आपण मुलांना मम्रेच्या एलोन झाडांखाली अब्राहाम तिघा पाहुण्यांकडे कसा धावला ते शिकवतो. शास्त्यांच्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय शिकवीत नाही. गिबा येथे तोही आतिथ्याचाच प्रसंग आहे; म्हाताऱ्या यजमानाने पाहुण्याला घरात घेतले, आणि दाराबाहेर ढकलली गेली ती स्त्री. लहानांना तो सांगू नये हे बरोबर. पण मोठ्यांनी तो विसरून आतिथ्यावर बोलणे बरोबर नाही. समोरासमोर मुलाखत, शिक्का असलेले पत्र, कोठे उतरणार हे घरी कळवून ठेवणे, मनाला खटकले तर रात्री दहालाही निघण्याची मोकळीक, यांत विश्वासाची उणीव आहे असे आम्हांला वाटत नाही. तिच्या वडिलांना हे पटायला तीन रविवार लागले.

तरीही ‘बदल्यात’ हा शब्द आम्हांला टोचत होता, आणि त्याचे कारण तिला सांगावेच लागले. पुष्कळ वर्षांपूर्वी एक तरुण चित्रकार आमच्याकडे दोन दिवसांसाठी उतरला होता. पहिल्या संध्याकाळी त्याची वही पाहून आम्ही हरखलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होताच त्याला शब्बाथशाळेच्या खोलीत नेले आणि रिकामी भिंत दाखवली. नोहाचे तारू काढाल का? तो बिचारा हो म्हणाला. ज्याचा चहा पोटात आहे त्याला नाही कसे म्हणणार! तारू मोठे झाले, प्राणी वाढत गेले. त्याचा म्हैसूरला जायचा दिवस टळला, पुढचाही टळला. चौथ्या दिवशी तो गेला, आणि आम्ही पाठवलेल्या नाताळच्या पत्राला त्याचे उत्तर आले नाही. पुढची दहा वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही ती भिंत कौतुकाने दाखवीत असू, आणि देवाने आमच्याकडे चित्रकार कसा धाडला ते सांगत असू. मग ओल आली, भिंतीला चुना दिला.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "त्याला तुम्ही कधी विचारलं का, की त्याला काय काढायचं होतं?"

विचारले नव्हते.

कागद पुन्हा लिहिला गेला. त्यात आता तिचे नाव, गाव, भाषा (मराठी, कन्नड, गुजराती, हिंदी, जेमतेम इंग्रजी), शिक्षण, आणि लोकांची स्वयंपाकघरे बघण्याची आवड एवढे होते. तांदूळ निवडता येतो हे आमच्या आईने घालायला लावले. शेवटी असे: माझ्याजवळ चित्रांची वही असते, आपली हरकत नसेल तर आपल्या घरातले काही काढीन, आणि काढलेले आधी आपल्याला दाखवीन. देईन असे तिने लिहिले नाही, देणार नाही असेही नाही. हे वाक्य तिचे आहे. आमची पेन्सिल तेथे लागली नाही.

ऑगस्टमध्ये म्हैसूरहून तिचे पत्र आले. सोबत एका चुलीवजा ओट्याचे चित्र होते. कढई, कढीपत्त्याची जुडी, आणि कडेला कोणाचा तरी अर्धाच हात. यजमानीण बाईंनी चेहरा काढू दिला नाही, असे तिने लिहिले होते. आणि मूळ चित्र त्यांनी मागून घेतले, हे दुसऱ्यांदा काढलेले.

आम्हीही यजमान म्हणून नाव घालावे असा तिचा आग्रह आहे. यजमानालाही कागद लिहावा लागतो: घरात कोण कोण आहे, कोणत्या भाषा येतात, पाहुण्याला कोठे झोपवणार. तो कागद गेले तीन आठवडे आमच्या टेबलावर आहे. माडीवरची खोली, मराठी आणि कन्नड, निवृत्त शिक्षक, इथपर्यंत झाले. काल आईने तो मोठ्याने वाचायला लावला, आणि ऐकून झाल्यावर विचारले की भिंतीचे लिहिलेस का.