दुर्बिणीचें मोल

शिकारी बंदुकीसाठीं माफक किमतींत चांगली दुर्बीण कोणती, हा प्रश्न वरवर बाजारी दिसला तरी नीतीच्या प्रांतांत शिरल्यावांचून राहत नाहीं. ४ पट दाखविणाऱ्या दुर्बिणींतून २०० यार्डांवरचें चितळ ५० यार्डांवर आल्यासारखें भासतें. पट वाढविले तर दृष्टीचा आवाका आखडतो व हाताचा कंपही वाढलेला दिसतो. म्हणून संधिप्रकाशांत स्वच्छ दिसणें आणि बंदुकीच्या धक्क्यानें नेम न ढळणें, या गुणांसच पैसे मोजावे, हें शिकाऱ्याचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. नेम अचूक असला म्हणजे जनावर जखमी होऊन तडफडत नाहीं, हा त्याचा युक्तिवादही पोकळ नव्हे.

परंतु साधनाचें मोल साध्यावांचून ठरत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस लगाम घातला; १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचे परवानेच मिटविले. भंडारा जिल्ह्यांतील कोक्याचें रान २०१३ सालीं अभयारण्य झालें. तेथें तसल्याच भिंगांतून पाहणारा प्रवासी चितळ तितकेंच जवळ आणतो आणि त्यास चरत सोडून परततो. भिंग अंतर हरण करतें, आणि त्याबरोबर अज्ञानाची सबबही. ज्यास प्राण्याचा डोळा इतका स्पष्ट दिसला, त्यानें चाप ओढतांना ‘आम्हीं पाहिलें नाहीं’ असें कोणत्या तोंडानें म्हणावें?