रस्ता ओलांडणारा प्रवासी

बसने कामावर जाणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी मोठा रस्ता ओलांडावाच लागतो. सकाळी घराच्या बाजूला बस मिळाली असेल, तर संध्याकाळी ती पलीकडच्या बाजूला उतरवते. स्कूटरवाला गल्लीतून निघून थेट कचेरीच्या आवारात उतरतो, मोटारवाल्याचे पाय तर वाटेत जमिनीला लागतही नाहीत. बसचा प्रवासी आधी पादचारी असतो, मग प्रवासी होतो आणि उतरल्यावर पुन्हा पादचारी. ही साधी गोष्ट रस्ते आखताना आपण लक्षातच घेतली नाही. त्यामुळे ‘बससेवा सुधारणे’ हा एक विषय झाला आणि ‘रस्ता सुरक्षा’ हा दुसरा. एकाची फाइल परिवहन कंपनीकडे, दुसऱ्याची वाहतूक पोलिसांकडे, आणि हे सगळे ज्या डांबरावर घडते ते महापालिकेच्या पथ विभागाकडे. हा प्रश्न मुळात एकच आहे, असे मला ठामपणे वाटते. पुण्याच्या सातारा रस्त्याने तो वीस वर्षांपूर्वी आपल्यापुढे उघडा करून ठेवला होता.

डिसेंबर २००६ मध्ये या रस्त्यावरून जाणाऱ्या कात्रज–स्वारगेट–हडपसर या सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची जलद सेवा, सुरू झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले होते आणि त्याचा गाभा असा होता की, रस्त्याच्या जागेची वाटणी करताना वाहने नव्हे, माणसे मोजावीत. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून पैसा उपलब्ध होता. पुणे पुढे सरसावले, हे धाडसच होते आणि त्याचे श्रेय त्या काळच्या पुणेकरांना द्यायला हवे. अहमदाबादचे ‘जनमार्ग’ त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, २००९ मध्ये सुरू झाले.

मार्गिका रस्त्याच्या मधोमध आखली गेली. ही चूक होती असे अनेकजण आजही म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपल्या रस्त्यांची कड कधीच मोकळी नसते. तिथे रिक्षा थांबतात, टेम्पो माल उतरवतात, गल्लीतून दुचाकी बाहेर येतात, गॅरेजवाला दुरुस्तीला आलेली गाडी उभी करून ठेवतो. कडेने बसमार्गिका आखली, तर पहिल्याच आठवड्यात ती पार्किंगची जागा होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात बससाठी वेगळी मार्गिका राखण्याचा प्रयोग २०१६ मध्ये झाला, तोही फार काळ टिकला नाही. म्हणजे बसला खरोखर मोकळी वाट द्यायची, तर ती मधोमधच द्यावी लागते.

पण बस मध्यभागी आणली की थांबाही मध्यभागी येतो. आधी प्रवासी दिवसातून एकदा अख्खा रस्ता ओलांडत असे. आता तो दोनदा अर्धा रस्ता ओलांडतो. एकूण अंतर तेवढेच राहते. फरक असा की, आता बस पकडायची घाई झालेला प्रत्येक माणूस धावत्या वाहनांमधून बेटावर पोहोचायला बघतो, आणि समोर बस दिसत असताना कोणी शांतपणे उभे राहत नाही. म्हणून ज्या दिवशी बस मध्यभागी नेण्याचे ठरले, त्या दिवशी रस्ता ओलांडण्याची सोय हे या योजनेचे पहिले काम व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मार्ग खुला झाला तेव्हा पदपथ अपुरे होते, थांबे अर्धवट होते, झेब्रा पट्टे आणि सिग्नल यांचा मेळ नव्हता. अपघात झाले. मग मार्गिकेच्या तोंडाशी वॉर्डन उभे करावे लागले. ज्या गोष्टी आराखड्याने आपोआप घडवायच्या, त्या एक तरुण उन्हात शिट्टी वाजवून घडवू पाहत होता.

लोकांच्या मनात ‘बीआरटी म्हणजे अपघात’ हे समीकरण तिथेच बसले. मार्गिका होती, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. खापर मात्र मार्गिकेवर फुटले.

तरीही बसला वेगळी वाट हवीच कशाला, असे कोणी विचारेल. नव्या बस घ्या, जास्त बस सोडा, काम भागेल, ही मागणी प्रत्येक निवडणुकीत होते. यातला हिशोब थोडा शांतपणे करून पाहू. समजा, एका मार्गावर बसला जाऊन-येऊन ९० मिनिटे लागतात आणि त्यावर १२ बस आहेत. म्हणजे थांब्यावरच्या माणसाला दर साडेसात मिनिटांनी बस मिळते. वाहतूक कोंडून फेरीला १२० मिनिटे लागू लागली, की त्याच १२ बसमध्ये हे अंतर दहा मिनिटांवर जाते. बस कमी झाल्या नाहीत, चालक कमी झाले नाहीत, डिझेल उलट जास्त जळाले; आणि सेवा मात्र पाव हिश्शाने घटली. पूर्वीची सेवा टिकवायला आणखी चार बस लागतील. त्या चार बसही त्याच कोंडीत उभ्या राहतील. रांजणाला भोक असताना घागरी ओतत राहण्यासारखे हे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून त्रासाची आहे. अर्धा तास बस नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या तीन एकापाठोपाठ, हा अनुभव प्रत्येक प्रवाशाने घेतला आहे, आणि त्यासाठी चालक-वाहकांना शिव्याही घातल्या आहेत. त्यांचा दोष त्यात सहसा नसतो. एक बस एखाद्या सिग्नलला तीन मिनिटे अडकली, की पुढच्या थांब्यावर तिची वाट पाहणारे वाढतात. जास्त माणसे चढायला जास्त वेळ, म्हणून ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढचीला येऊन चिकटते. पुढची खचाखच, मागची अर्धी रिकामी. एका चौकातल्या तीन मिनिटांनी संपूर्ण मार्गाचे वेळापत्रक असे उसवते. हे सावरण्याचा खात्रीचा उपाय एकच: बसचा वेळ जिथे अनिश्चित होतो, तिथे तिला मोकळी वाट आणि सिग्नलला प्राधान्य. सगळ्या १६ किलोमीटरवर शक्य नसेल, तर निदान त्या दोन-तीन चौकांवर तरी.

मार्गिकेवरचा सर्वात मोठा आक्षेप असा की ती रिकामी दिसते. शेजारी वाहने अडकलेली आणि मध्ये मोकळे डांबर, हे दृश्य चिडवणारे आहे खरे. पण मिनिटाला एक बस जात असेल आणि तीत पन्नास माणसे असतील, तर तासाला ३,००० माणसे त्या ‘रिकाम्या’ वाटेने पुढे जातात. सिग्नल असलेल्या रस्त्यावर मोटारींच्या एका रांगेतून तासाला सात-आठशे गाड्या निघाल्या तरी खूप. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर हजार-बाराशे माणसे. ती रांग भरलेली दिसते ती अडकलेली आहे म्हणून. इथे एक कबुली मात्र द्यायला हवी. बस पाच मिनिटांनी येत असेल, तर हाच हिशोब तासाला ६०० माणसांवर येतो, आणि मग मोटारवाल्याच्या तक्रारीत तथ्य आहे. पुण्यात अनेक ठिकाणी असेच झाले. मार्गिका बांधण्याचा उत्साह दाखवला, तेवढा ती बसने भरण्याचा दाखवला नाही. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन परिवहन संस्था मिळून पीएमपीएमएल झाली, २०१५ पासून संगमवाडी–विश्रांतवाडी, औंध–रावेत असे अधिक विचारपूर्वक आखलेले मार्ग सुरू झाले, पण डांबर आणि बस यांची गाठ नीट पडली नाही. नगर रस्त्यावरचा मार्ग तर काही वर्षांतच उखडायला घेतला. दिल्लीत याहून बोलके घडले. आंबेडकरनगर–मूलचंद मार्गाविरुद्धची याचिका २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली, म्हणजे कायद्याच्या कसोटीवर तो टिकला. तरी २०१६ मध्ये तो तोडला गेला. भोपाळनेही आपला मार्ग काढून टाकला.

मोटारवाल्यांनी बस हरवली, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण पुण्याच्या रस्त्यावर बहुसंख्य दुचाकीस्वार आहेत, आणि त्यांना श्रीमंत म्हणता येत नाही. कात्रजच्या पुढे भाड्याने खोली घेऊन राहणारा, शहरात कामाला येणारा मुलगा हप्त्यावर मोटारसायकल घेतो, कारण बसच्या भरवशावर त्याला कामावरची वेळ गाठता येत नाही. बसने गमावलेला हा प्रवासी आहे. त्याला गुन्हेगार ठरवून रस्ता सुधारणार नाही. शिवाय अपघातात तोच सर्वाधिक मरतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. बस जितकी भरवशाची, तितकी या मुलाची जोखीम कमी. बससेवा ही सुरक्षेची योजना आहे, असे मी म्हणतो ते या अर्थानेही.

आता रस्ता ओलांडण्याकडे येतो. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. ३० मीटरचा रस्ता त्याला २४ सेकंदांत पार होतो. माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत. ती राहते तिथला चौक ओलांडायला तिला चाळीस सेकंद लागतात, हे मी तिच्यासोबत चालून मोजले आहे. हिरवा दिवा त्याच्या निम्माही राहत नाही. तीन वर्षांपूर्वी मध्यावर असताना दिवा बदलला आणि एक टेम्पो तिच्या पिशवीला घासून गेला. पिशवीतली भाजी रस्त्यावर पडली, आई वाचली. त्यानंतर तिने बस सोडली. तिला बसमध्ये कधीच काही त्रास झाला नव्हता. कंडक्टर तिला हात देऊन चढवत असत, लोक उठून जागा देत. ती हरली ती बसपासून चाळीस पावलांवर. परिवहनाच्या कुठल्याही नोंदवहीत ‘हा प्रवासी का गेला’ याचे उत्तर सापडणार नाही, कारण तो रस्त्यावर गमावला गेला आणि रस्त्याचा हिशोब दुसऱ्या खात्यात आहे.

अशा ठिकाणी पादचारी पूल बांधण्याची सूचना हमखास येते. गुडघे गेलेल्या बाईला दोन मजले चढायला लावणे हा उपाय नव्हे, ती शिक्षा आहे. आणि तरुण माणूसही बस समोर दिसत असताना जिना चढत नाही. तो दुभाजकावरून उडी मारतो. माणसाला सपाटीवरून चालू द्यावे आणि वाहनाला थोडे चढायला लावावे: झेब्रा पदपथाच्या उंचीला आणावा, म्हणजे वाहनाचा वेग आपसूक उतरतो. वेग निम्मा झाला की धडकेतला जोर एक चतुर्थांशावर येतो. शाळेत शिकलेले हे गणित आपण रस्त्यावर विसरतो. रस्त्याच्या मध्यावर टेकायला जागा असावी, म्हणजे आईला चाळीस सेकंद एका दमात लागणार नाहीत. पादचाऱ्याला दिव्यासाठी मिनिटाहून जास्त थांबवू नये, कारण त्यापलीकडे तो थांबत नाही. यासाठी परदेशातून काही आणावे लागत नाही.

धनकवडीला शंकर महाराजांच्या मठाजवळ गुरुवारी जाऊन पाहावे. सातारा रस्त्यावर हजारो माणसे दर्शनासाठी येतात, म्हातारी माणसे असतात, कडेवर मुले असतात, आणि त्या एका दिवशी तो रस्ता वाहनांचा कमी आणि माणसांचा जास्त होतो. गाड्यांचा वेग कमी होतो. कोणी नियम केलेला नसतो, गर्दीच तो नियम करते. तेवढी सावधगिरी इतर सहा दिवस रस्त्याच्या घडणीतच बांधून ठेवणे, एवढेच अभियंत्याकडून अपेक्षित आहे.

पुण्याला हे जमत नाही असे मुळीच नाही. जंगली महाराज रस्ता अनेक वर्षे खड्डा न पडणारा म्हणून नावाजला गेला. आपण रस्त्याची थोरवी डांबरावरून मोजत आलो. अलीकडे त्याचे पदपथ रुंद केले, झाडांभोवती बसायला जागा केली, आणि तिथे लोक नुसते चालायला येऊ लागले. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. या दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. पण दोन्ही ठिकाणी बसचा विचार मागेच राहिला. पदपथाच्या कडेला दोन गाड्या उभ्या असतील, तर बस थांब्यापासून आठ फूट दूर, भर रस्त्यात थांबते आणि प्रवाशाला खाली उतरून दोन गाड्यांच्या फटीतून चढावे लागते. एक मोटार उभी करायला बारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत पंचवीस-तीस माणसे छताखाली बसची वाट पाहू शकतात. ही जागा कोणाला द्यायची, हा निर्णय रोज घेतला जात असतो. तो कोणी घेतला, हे विचारले जात नाही.

आता स्वारगेट ते कात्रज मेट्रो जमिनीखालून जाणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचे भूमिपूजन झाले. मेट्रो आली की सातारा रस्त्याचा प्रश्न सुटला, असे बोलले जाऊ लागले आहे. पण पद्मावतीच्या स्थानकातून वर येणारा प्रत्येक माणूस रस्त्यावरच येणार. त्याला बिबवेवाडीच्या आत जायचे असेल तर बस लागेल, पलीकडे जायचे असेल तर रस्ता ओलांडावा लागेल. स्थानकांसाठी रस्ता खोदला जाईल आणि काही वर्षांनी पुन्हा भरला जाईल. तो पुन्हा कसा भरायचा, त्याचा नकाशा आजच, पथ विभाग, पीएमपीएमएल, मेट्रो आणि वाहतूक पोलीस यांनी एका टेबलावर बसून काढावा. त्यात पहिली रेघ स्थानकाच्या जिन्यापासून बसथांब्यापर्यंतच्या पायवाटेची असावी, दुसरी झेब्र्याची, तिसरी बसच्या मार्गिकेची. आणि त्यातून उरेल ती जागा मोटारींना. खोदकाम संपल्यावर ठेकेदाराला सवयीने ‘होता तसा’ रस्ता करून द्यायला सांगितले गेले, तर तो २००६ च्या आधीचाच रस्ता असेल.