यरीहोच्या वाटेवरील घाई



चेन्नईच्या पश्चिमेस, सेंट्रल स्थानकापासून लोकल गाडीने सुमारे पाऊण तासाच्या अंतरावर आवडी हे ठिकाण आहे. मराठी कानाला हे नाव गोड लागते, परंतु आपल्या आवडीनिवडीशी त्याचा काही संबंध नाही. १९६१ साली येथे रणगाडे बांधण्याचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये त्यातून पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला. आपल्या खडकी-अंबरनाथप्रमाणे येथेही संरक्षण खात्याची वसाहत असून निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. माझे एक नातलग अशाच एका क्वार्टरमध्ये राहत असत. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आठवडाभर मुक्काम करून मी परतीच्या प्रवासाला निघालो, त्या सकाळची गोष्ट आपणांस सांगावयाची आहे.

आवडी स्थानकाच्या पुलाच्या पायथ्याशी एक मध्यमवयीन गृहस्थ भिंतीला टेकून अर्धवट कलंडला होता. डोळे मिटलेले, श्वास जड. पायऱ्यांवरून माणसांची रीघ लागली होती आणि प्रत्येक जण त्याच्याकडे एक दृष्टिक्षेप टाकून वर चढत होता. मीही तेच केले. सेंट्रलवरून सुटणारी मुंबईची गाडी चुकेल, मला तमिळ येत नाही, येथील माणसे येथील माणसाकडे पाहतील, कदाचित तो मद्यपी असेल. इतके सारे विचार सात-आठ पायऱ्या चढेपर्यंत मनात येऊन गेले. वर पोहोचल्यावर वळून पाहिले, तो फुलांच्या माळा विकणाऱ्या एका बाईने आपली टोपली खाली ठेवली होती व ती त्याच्या तोंडाला पाणी लावीत होती. तेवढ्यात लोकल आली. त्या माणसाचे पुढे काय झाले हे मला आजतागायत ठाऊक नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी रविवारच्या शाळेत कितीदा शिकविला असेल याची गणती नाही. याजक व लेवी यांच्या पाषाणहृदयाविषयी मी मुलांपुढे पोटतिडकीने बोललो आहे. मग त्या सकाळी मी कोण होतो?

या प्रश्नाने मला मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांकडे नेले, आणि तेथे हाच दाखला माझी वाट पाहत होता. अमेरिकेतील जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथील धर्मविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे उद्याचे पाळक, त्यांनी निवडले. प्रत्येकाला दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण द्यावयाचे होते. निम्म्यांचा विषय नोकरीचा होता, तर निम्म्यांचा खुद्द चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेतील बोळात एक माणूस दाराशी वाकून खोकत, कण्हत बसविलेला होता. निघताना काहींना सांगण्यात आले की तुम्हांला उशीर झाला आहे, काहींना की वेळेवर निघा, आणि काहींना की अजून थोडा अवकाश आहे.

निष्कर्ष वाचून मी पुस्तक मिटले. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी शंभरात ६३ थांबले, मधल्या गटातील ४५, आणि घाईत असलेल्यांपैकी अवघे १०. दाखल्यावर बोलावयास निघालेल्या काही विद्यार्थ्यांनी तर त्या माणसाला ओलांडून पाऊल पुढे टाकले! विद्यार्थी एकंदर चाळीसच होते हे मान्य केले पाहिजे. दाखल्याचा विषय मिळालेल्यांत थांबणारे काहीसे अधिक होते, परंतु इतक्या थोड्या माणसांत तो फरक योगायोगाचाही असू शकतो. घाईचा परिणाम मात्र ठळक होता. धर्मनिष्ठा कोणत्या प्रकारची आहे यावरूनही कोण थांबेल हे सांगता आले नाही.

गर्दीचेही असेच आहे. याच डार्ली यांनी बिब लाताने यांच्यासह १९६८ साली दाखविले की, पलीकडच्या खोलीतील माणसाला झटका आल्याचे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटले, तर शंभरात ८५ जण झटका ओसरण्यापूर्वीच मदतीला उठतात. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, की तेवढ्या वेळात उठणाऱ्यांची संख्या ३१ वर येते. जबाबदारी जणू सर्वांत वाटली जाते आणि वाटून वाटून कोणाच्याच वाट्याला उरत नाही. आवडीच्या पुलावर त्या सकाळी नेमके हेच घडले असावे.

वाचकहो, येथे एक मोह उभा राहतो. परिस्थितीच माणसाला घडविते असे ठरले, तर मी कशाला खंत करावी? दोष घाईचा, दोष गर्दीचा! आपण कसे हिशेब करतो हेही मानसशास्त्रज्ञांनी न्याहाळले आहे. दुसरा चुकला की आपण त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवितो, स्वतः चुकलो की परिस्थितीकडे. ली रॉस यांनी १९७७ साली यातील पहिल्या प्रवृत्तीला आरोपणाची मूलभूत चूक म्हटले. याजकाला मी निर्दय ठरविले आणि स्वतःपुरती गाडीची वेळ पुढे केली. त्याला कसली घाई होती, असा प्रश्न मला वीस वर्षांच्या शिकवणुकीत एकदाही सुचला नव्हता.

योगायोग असा की, माणसाच्या वागण्यात परिस्थितीचा वाटा किती, या प्रश्नाची एक मोठी राष्ट्रीय आवृत्ती याच आवडीत मांडली गेली होती. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. उच्छंगराय ढेबर अध्यक्ष होते, कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि समाजवादी धर्तीची समाजरचना हे देशाचे ध्येय असावे असा ठराव त्या मंडपात संमत झाला. त्याच्या आर्थिक बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे नको. मला त्यामागची श्रद्धा महत्त्वाची वाटते. रचना बदला, म्हणजे माणसामाणसांतील नाती बदलतील, ही ती श्रद्धा. समाजशास्त्रात तिला बळकट आधार आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले होते की, आत्महत्येसारखी अत्यंत खाजगी वाटणारी कृतीदेखील समाजाचे बंध घट्ट आहेत की सैल यावर अवलंबून असते.

आपल्या उपदेशपीठांवरून या विचाराकडे अनेकदा संशयाने पाहिले गेले. हृदयपरिवर्तन आधी, रचना मागाहून, असे आपण म्हणत आलो. मला हा वाद अर्धवट वाटतो. एक साधे उदाहरण घ्या. आपल्या देशात रस्त्यावरील जखमीस उचलण्यास लोक का धजत नसत? हृदय नव्हते म्हणून? पोलिसांचे हेलपाटे, न्यायालयाच्या तारखा, रुग्णालयातील पैशांची मागणी यांचे भय होते म्हणून. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतील चुकीसाठी खटला भरता येत नाही; आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. भारताच्या कायद्याने या माणसाला नाव दिले आहे ते शोमरोन्याचेच. रचनेने हृदयाची वाट थोडी मोकळी केली, एवढे म्हणण्यास काय हरकत आहे?

तरीही रचना सर्व काही सांगत नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नान्न करीत गेले. त्यांची थोरली बहीणही पाठोपाठ गेली. अशा परिस्थितीतून निघालेला माणूस कडवट होऊन दार लावून बसला असता तर कोणी नवल केले नसते. रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्यातील शारदा सदनाचा व्याप बाजूस ठेवून मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. सवड त्यांना कोठून मिळाली? त्यांच्यापाशी भुकेची आठवण होती. तीच भूक आणखी किती जणांनी भोगली असेल. त्या सर्वांनी काही मुक्ती सदने उभारली नाहीत. परिस्थितीच्या गणितात न बसणारे काहीतरी येथे आहे, आणि त्याला मी आत्म्याचे स्वातंत्र्य म्हणतो. मानसशास्त्रज्ञ त्याला दुसरे नाव देतील.

मग त्या पुलाखालची जबाबदारी माझी होती की नव्हती? माझ्या मते होती. मात्र ती पायरीवर सुरू झाली नव्हती. ज्या क्षणी मी त्या माणसाजवळ पोहोचलो, त्या क्षणी माझा निर्णय बव्हंशी होऊन गेलेला होता. आदल्या रात्री गाडीच्या वेळेचा हिशेब करताना एका मिनिटाचीही फट मी ठेवली नव्हती. ज्याच्या दिवसात कोणाला शिरावयास जागाच नाही, त्याचे अंतःकरण मोठे असून त्या पडलेल्या माणसाला काय उपयोग? शोमरोनी दयाळू होता हे खरेच, परंतु दुसऱ्या दिवसापर्यंत उतारशाळेत थांबण्याइतका वेळही त्याच्यापाशी होता, हे मी आता नव्याने वाचतो. आपल्या मंडळ्यांचे रविवार पाहा. उपासना, लगेच तरुण संघ, लगेच कमिटी, मग भोजन. चर्चच्या फाटकाशी कोणी कलंडला, तर आपल्यापैकी कोणाच्या घड्याळात त्याच्यासाठी जागा निघेल?

त्या फुलवालीचाही विचार मी पुष्कळ केला आहे. तिलाही घाई असणारच. सकाळचा बाजार तिच्यासाठी थांबणार नव्हता. डार्ली-बॅटसन यांच्या शंभरातील दहांमध्ये ती कशी आली हे मला उलगडलेले नाही. ती कोणत्या देवाला फुले वाहते हे मी विचारले नाही, आणि विचारावयाचे असते तरी मला तिची भाषा येत नव्हती.

अलीकडे प्रवासाला निघताना मी गाडीच्या वेळेआधी एक तास जास्तीचा ठेवून घराबाहेर पडतो. घरची मंडळी हसतात. बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आणि मी फलाटावरच्या बाकावर नुसता बसून राहतो.