खेळातला हुकूम आणि आपला विवेक



कफर्णहूमचा रोमन शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी प्रभू येशूकडे विनंती करतो, तेव्हा तो स्वतःची ओळख मोठ्या प्रांजळपणे करून देतो. आपल्यावर वरिष्ठ आहेत आणि आपल्या हाताखाली शिपाई आहेत, असे तो सांगतो. हुकूम देणे आणि हुकूम पाळणे हे दोन्ही त्याच्या अंगवळणी पडलेले होते. प्रभूने त्याला त्याबद्दल बोल लावला नाही. उलट त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपण प्रत्येक मिस्सात त्याच्याच शब्दांचा आधार घेऊन आपली अपात्रता कबूल करतो. तेव्हा आज्ञाधारकपणा हा सद्‌गुण आहे, यात शंका नाही.

आज अनेक तरुण इंटरनेटवरून जगभरच्या लोकांबरोबर युद्धाचे खेळ खेळतात. तिथेही सैन्यासारखीच हुद्द्यांची उतरंड असते. आइसलँडमधील एका कंपनीने २००३ साली सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अवकाशयुद्धाचा खेळ पाहा. त्यात एका ताफ्यात जास्तीत जास्त २५६ खेळाडू असतात. वर सेनापती, त्याखाली विभागांचे आणि तुकड्यांचे प्रमुख. सेनापती ज्या शत्रूजहाजाचे नाव घेईल, त्याच्यावरच सर्वांनी एकदम मारा करायचा. प्रत्येकाने मनाला येईल तिकडे गोळे टाकले, तर शत्रू आपली जहाजे सावरून घेतो. सेनापती बोलत असताना इतरांनी गप्प राहायचे, हीसुद्धा शिस्त. जानेवारी २०१४ मध्ये या खेळातील एक लढाई सुमारे २१ तास चालली. तिच्यात साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले होते. हुकूम पाळणारे नसते, तर ते घडलेच नसते.

यात चांगले पुष्कळ आहे. स्वतःचा हेका सोडणे, इतरांसाठी आपले जहाज गमावणे, हरल्यावरही जागा न सोडणे, हे घरात आणि धर्मग्रामातही उपयोगी पडणारे गुण आहेत. नियमांच्या आत शत्रूचे जहाज फोडणे हे पापही नाही. बुद्धिबळात समोरच्याचा वजीर मारला, म्हणून कोणी पापनिवेदनाला जात नाही.

प्रश्न उभा राहतो तो पुढे. मार्च २०१२ मध्ये याच खेळाच्या वार्षिक मेळाव्यात, एका बलाढ्य गटाच्या पुढाऱ्याने व्यासपीठावरून एका निराश खेळाडूची टिंगल केली. त्या खेळाडूने जीव नकोसा झाल्याचे कळवले होते. त्याला खेळात गाठून आणखी छळा, असे या पुढाऱ्याने ऐकणाऱ्यांना सुचवले. पुढे त्याने जाहीर माफी मागितली. कंपनीने त्याला ३० दिवस खेळातून बाहेर ठेवले आणि खेळाडूंच्या प्रतिनिधी मंडळाचे अध्यक्षपदही त्याने सोडले. पण क्षणभर विचार करा. त्या पुढाऱ्याचे हुकूम रोज पाळणाऱ्या हजारोंपैकी एखाद्याने तेव्हा काय करायला हवे होते?

अशा वेळी दोन सबबी हाताशी असतात. एक, “हा तर खेळ आहे.” दुसरी, “मी फक्त हुकूम पाळला.” पहिली म्हणते, कोणाला इजा झालीच नाही. दुसरी म्हणते, झाली असेल तर ती माझ्यामुळे नाही. दोन्ही लंगड्या आहेत. जहाज खोटे असते, पण ते चालवणारा माणूस खरा असतो. त्याचा अपमान, त्याचे रडणे खरे असते. आणि बटण दाबणारे बोट सेनापतीचे नसते, आपले असते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली युद्धाविषयी बोलताना हेच स्पष्ट केले. घोर अन्याय करणाऱ्याला आंधळा आज्ञाधारकपणा निर्दोष ठरवू शकत नाही, आणि असे हुकूम उघडपणे नाकारणाऱ्यांचे धैर्य गौरवास पात्र आहे, अशी ही शिकवण आहे. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्त्स येगरस्टेटर आपल्या गावच्या चर्चची देखभाल करीत असे. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. कुटुंबाचा विचार कर, असे अनेकांनी त्याला विनवले. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. ख्रिस्तसभेने २००७ साली त्याला धन्यवादित घोषित केले.

खेळातील हुकूम नाकारण्याची किंमत याच्यापुढे काहीच नाही. फार तर गटातून हकालपट्टी होईल, मित्र चार दिवस चिडवतील. म्हणूनच ‘नाही’ म्हणण्याचा सराव करायला ही जागा चांगली आहे. जो तरुण तिथे एखाद्या नवख्याला छळण्यास नकार देईल, तो उद्या कचेरीत खोट्या कागदावर सही करतानाही थबकेल. जो तिथे मुकाट्याने छळेल, त्याचा हात कागदावरही सहज चालेल. सवय खेळात लागते आणि आयुष्यात उतरते.

पालकांनो, “किती वेळ खेळलास?” हे आपण मुलांना विचारतोच. यापुढे आणखी एक विचारू या: “तुझा सेनापती तुला काय करायला सांगतो?” आणि युवामित्रांनो, हुकूम जरूर पाळा. मात्र पडद्यापलीकडे बसलेला माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, हे विसरायला लावणारा हुकूम येईल, तेव्हा शताधिपतीप्रमाणे आठवण ठेवा: आपल्या वरिष्ठांच्याही वर एक प्रभू आहे.